खोल समुद्रातले क्रिल : जाळे दिवसा टाकावे की रात्री?

प्रश्न थोडक्यात असा आहे : जहाजावर बोंगो जाळे (जोडीने बांधलेली, गोल तोंडाची दोन बारीक जाळी) आहे, 38 आणि 120 किलोहर्ट्झचा इको साउंडर (पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारे यंत्र) आहे. किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात क्रिलच्या (कोळंबीसारख्या छोट्या, थव्याने राहणाऱ्या प्राण्यांच्या) कोणत्या जाती किती प्रमाणात आहेत ते पाहायचे आहे. जहाजाचा वेळ महाग, म्हणून जाळे दिवसरात्र टाकले तर चालेल का?

टाका, पण दिवसाची आणि रात्रीची पकड एकाच सरासरीत घालू नका. बऱ्याच जाती दिवसा खोल जातात आणि अंधार पडला की वर येतात. शिवाय क्रिलची नजर चांगली असते, जाळे येताना दिसले की ते बाजूला सरकतात, मोठे प्रौढ तर जास्तच. दिवसा पकड कमी आली तर क्रिल खाली गेले होते की निसटले, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. म्हणून जातींची तुलना करायची ती स्टेशने (थांबून जाळे टाकायच्या जागा) सगळी रात्रीची ठेवा. संधिप्रकाशाचा तास दोन्हीकडून सोडा. जाळ्यावर चमकणारे दिवे लावून पकड वाढल्याचीही उदाहरणे आहेत, पण दिवे लावायचे तर सगळ्याच स्टेशनांवर लावा.

दिवस इको साउंडरला द्या. रात्री क्रिल बऱ्याचदा इतके वर येतात की जहाजाच्या तळाला बसवलेल्या साउंडरच्या वरच त्यांचा थर राहतो आणि पडद्यावर दिसत नाही. क्रिलचा प्रतिध्वनी 38 पेक्षा 120 वर ठळक येतो, हवेची पिशवी असलेल्या माशांचे तसे नसते. दोन्हींतला फरक पाहून क्रिलचे थवे वेगळे काढतात. पण साउंडर जात सांगत नाही, हे विसरू नका. युफॉशिया आणि थायसानोएसा हे क्रिलचे दोन गट एकाच थव्यात असतील तर पडद्यावर एकच डाग दिसेल. तुमचा प्रश्न जातींचा आहे, म्हणजे उत्तर जाळ्यातच मिळणार. साउंडर फार तर थवे कुठे आणि किती खोल ते दाखवील.

वजनाच्या अंदाजाचा मोह होईल, तेव्हा एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. 2000 साली ब्रिटन, अमेरिका, जपान आणि रशिया यांच्या जहाजांनी दक्षिण अटलांटिकमध्ये अंटार्क्टिक क्रिलचे सर्वेक्षण केले. पहिला आकडा 44.3 दशलक्ष टन निघाला. पुढे त्याच नोंदी नव्या पद्धतीने मोजल्यावर तो 60.3 दशलक्ष झाला. समुद्रातून एकही नवी नोंद आणली नव्हती. एकेका क्रिलकडून आवाज किती परत येतो, याचे गणित बदलले होते. साउंडरचे कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या प्रतिध्वनीशी ताडून पाहणे) टंगस्टन कार्बाइडच्या गोळ्याने केल्याशिवाय आणि जाळ्यात आलेल्या क्रिलच्या लांबीच्या नोंदी हाती नसताना टनांत बोलूच नये, असे माझे मत.

बोंगो जाळ्याचे तोंड लहान, त्यामुळे अळ्या आणि छोट्या जाती ठीक येतात, मोठे प्रौढ कमी. अंटार्क्टिकात यासाठी 8 चौरस मीटर तोंडाचे आरएमटी 8 नावाचे जाळे वापरतात. तसले जाळे मिळणार नसेल तर निष्कर्ष छोट्यांपुरते मर्यादित ठेवा. जाळ्यातून किती पाणी गेले ते मोजणारा फ्लोमीटर मात्र हवाच, आणि तोंडाच्या मधोमध नव्हे, थोडा बाजूला बांधा. किती पाणी गाळले ते कळले नाही तर घनता काढता येत नाही, मग नमुना नुसता बरणीत राहतो.

आता डेकवरचे काम. जाळे वर येताच बाहेरून पाण्याने धुऊन सगळे तळाच्या डब्यात उतरवा, नाहीतर जाळीला चिकटलेले पुढच्या स्टेशनच्या हिशेबात जातात. नमुन्याचे दोन भाग करा : एक फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा इथेनॉलमध्ये. फॉर्मॅलिनने आकार टिकतो, पण डीएनएचे काम अवघड होऊन बसते. सूक्ष्मदर्शकाखाली आधी डोळे पाहा. युफॉशियाचे गोल असतात, स्टायलोचेरॉन आणि नेमॅटोसेलिस या आणखी दोन गटांचे मध्ये चिमटा घेतल्यासारखे, दोन कप्प्यांचे. जात पक्की करायला नरांच्या पोहण्याच्या पहिल्या पायावरचा पेटास्मा (प्रजननाचा अवयव) पाहावा लागतो. त्याला वेळ लागतो आणि मान दुखते, पण दुसरा भरवशाचा मार्ग मला तरी माहीत नाही.

लांबी कुठून कुठे मोजायची ते पहिल्याच दिवशी ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. कोणी डोळ्याच्या पुढच्या कडेपासून मोजतो, कोणी डोक्यावरच्या टोकदार काट्यापासून. दोन माणसांनी दोन तऱ्हेने मोजले की लांबीच्या आलेखातले वयोगटांचे शिखर विनाकारण सरकते. वयाबद्दल तर लांबीवर विसंबूच नका. उपासमार झाली की अंटार्क्टिक क्रिल कात टाकताना आखडतात, म्हणजे लहान दिसणारा प्राणी म्हातारा असू शकतो.

शेवटचा भाग शून्यांचा. क्रिल थव्यांनी राहतात, त्यामुळे एका जाळ्यात काही नाही आणि शेजारच्यात डबा भरून, असे होणारच. रिकामी स्टेशने वगळू नका, आणि एका भरलेल्या डब्याने सगळी सरासरी वर ओढली तर ती तशीच छापू नका. मध्यक द्या, किंवा शून्ये जास्त असणाऱ्या नोंदींसाठीचे मॉडेल वापरा. वेळ थोडा असेल तर स्टेशने कमी करून प्रत्येक ठिकाणी जाळे दोनदा टाका. एकाच जागी दोन पकडींत किती फरक पडतो ते कळल्याखेरीज दोन जागांतला फरक खरा आहे की नाही, ते ठरवता येणार नाही.