पैसे भरून मायक्रोसॉफ्ट ऑफिस घ्यावं, की लिब्रेऑफिसवर भागेल?

तुम्ही कामाबद्दल जेवढं लिहिलंय त्यावरून सांगते, लिब्रेऑफिस हे मोफत ऑफिस सॉफ्टवेअर पुरेल. पत्रं, कोटेशनं, बिलं, हिशोबाच्या दोन-चार शीट, आणि त्यातलं बहुतेक शेवटी पीडीएफ करून पाठवायचं. एवढ्यासाठी दरवर्षी सबस्क्रिप्शन भरायची गरज नाही. पण ‘फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये फायली बिघडतात असं ऐकलंय’ हे तुमचं वाक्य मी तसंच सोडणार नाही. त्यात तथ्य आहे, आणि बिघाड नेमका कुठे होतो हे कळलं की निम्मी भीती जाते.

माझं काम दुसऱ्यांच्या अहवालांची आणि प्रबंधांची मांडणी करून देण्याचं. त्यामुळे वर्ड आणि लिब्रेऑफिसचं राइटर, दोन्ही माझ्याकडे दिवसभर उघडी असतात. लोक तुलना करताना कशात किती सोयी आहेत ते मोजत बसतात. मी एवढंच विचारते की फाइल तुमच्या हातून गेल्यावर पुढचा माणूस ती नुसती वाचणार आहे, की तिच्यात बदल करून परत पाठवणार आहे? नुसती वाचणार असेल तर पीडीएफ पाठवा. ती कशात केली हे त्याला कळणारही नाही. फाइल परत येणार असेल आणि पुन्हा जाणार असेल, तर मात्र समोरचा जे वापरतो तेच वापरलेलं बरं.

याचं कारण असं. राइटर वर्डची डॉकएक्स फाइल उघडतं तेव्हा ती आधी स्वतःच्या रचनेत बदलून घेतं, आणि सेव्ह करताना पुन्हा डॉकएक्समध्ये बदलतं. एखादी फेरी सहसा नीट निभावते. पण ट्रॅक चेंजेस (कोणी काय बदललं ते दाखवणारी सोय) चालू असलेला करारनामा तिघांच्या कॉमेंट्स घेऊन वर्ड आणि राइटरमध्ये चार-पाच वेळा इकडून तिकडे गेला, की कलमांचे आपोआप पडणारे क्रमांक मध्येच पुन्हा एकपासून सुरू होऊ शकतात किंवा चित्र भलत्याच परिच्छेदाला जाऊन चिकटतं. म्हणून जी फाइल तुमच्याचकडे राहणार आहे ती राइटरच्या स्वतःच्या ओडीटी फॉरमॅटमध्येच ठेवा. ओडीटी ज्याचा भाग आहे तो ओडीएफ हा 2006 पासून आयएसओ मानक असलेला खुला फॉरमॅट आहे आणि वर्डही तो उघडतं. डॉकएक्स मागितलीच तर अगदी शेवटी एक प्रत त्या फॉरमॅटमध्ये काढून द्या.

आता तुमच्या भीतीचा खरा भाग. ‘बिघडली’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच फायलींमध्ये मूळ भानगड फॉन्टची असते. ऑफिस 2007 पासून बरीच वर्षं वर्डचा ठरलेला फॉन्ट कॅलिब्री होता. तो मायक्रोसॉफ्टचा आहे, लिब्रेऑफिससोबत येत नाही. संगणकावर तो नसला की त्याच्या जागी दुसरा बसतो. त्याची अक्षरं केसभर रुंद असली तरी ओळ एक शब्द आधी तुटते, परिच्छेद एका ओळीने वाढतो, आणि एका पानात बसवलेल्या पत्रातली सही दुसऱ्या पानावर एकटीच जाऊन पडते. पाहणाऱ्याला वाटतं सॉफ्टवेअर भिकार आहे. उपाय सोपा आहे. कार्लिटो नावाचा मोफत फॉन्ट मुद्दाम कॅलिब्रीच्याच मापांवर बेतलेला आहे. तो असला की ओळी जवळपास तिथल्या तिथे तुटतात. तसाच कॅम्ब्रियासाठी कॅलाडिया आणि टाइम्स न्यू रोमनसाठी लिबरेशन सेरिफ. अलीकडच्या वर्डमध्ये मात्र कॅलिब्रीची जागा ॲप्टॉसने घेतली आहे. त्या फॉन्टमधली फाइल तुमच्याकडे आली आणि पानं हलली, तर पाठवणाऱ्याला फॉन्ट फाइलमध्येच एम्बेड करून पाठवायला सांगा. वर्डच्या सेव्हच्या पर्यायांत ती सोय आहे.

मराठीत लिहिणाऱ्यांना आणखी एक गोष्ट अडते. राइटरमध्ये देवनागरीचा फॉन्ट आणि आकार रोमन अक्षरांपासून वेगळा धरला जातो. ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ची (देवनागरीसारख्या लिप्यांसाठीची) खूण चालू करून तिथे मराठी निवडा, आणि मूळ स्टाइलमध्ये देवनागरीचा फॉन्ट एकदाच ठरवून टाका. हे केलं नाही तर आकार बदलूनही मराठी मजकूर ढिम्म हलत नाही आणि माणूस वैतागून वर्डकडे परत जातो.

शीटच्या बाबतीत माझं मत जरा वेगळं आहे. लिब्रेऑफिसमधलं एक्सेलसारखं कॅल्क चांगलं आहे. तुमची बिलं, बेरजा, पिव्होट टेबल सगळं होईल. एक्सलुकअप आणि फिल्टरसारखी, यादीतून हवं ते शोधून काढणारी फंक्शन्सही 24.8 या आवृत्तीपासून त्यात आली आहेत. पण पॉवर क्वेरी आणि पॉवर पिव्होट ही एक्सेलमधली मोठ्या डेटाची साधनं त्यात नाहीत, आणि एक्सेलच्या व्हीबीए भाषेत लिहिलेले मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, अर्धेमुर्धेच चालतात. तुमचे हिशोबनीस मॅक्रोवाली शीट पाठवत असतील आणि ती भरून परत द्यायची असेल, तर विचार करत बसू नका, एक्सेल घ्या. मॅक्रो दुरुस्त करत बसण्यात जाणारा वेळ सबस्क्रिप्शनपेक्षा महाग पडतो. एकच शीट दोघांनी एकाच वेळी उघडून भरायची असेल तरीही तेच. संगणकावर बसवलेल्या कॅल्कमध्ये शीट ‘शेअर’ करता येते, पण एकमेकांचे बदल सेव्ह केल्यावरच दिसतात.

एका कामात मात्र मी स्वतःहून कॅल्क उघडते. ते म्हणजे बँकेकडून किंवा दुसऱ्या कुठल्या प्रणालीतून आलेली सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळे केलेले नुसते आकडे आणि मजकूर. डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं सहसा गळतात, आणि क्रमांक पंधरा आकड्यांहून मोठा असेल तर पुढच्या आकड्यांच्या जागी शून्य येतं. तसंच सेव्ह केलं की मूळ क्रमांक गेलाच. कॅल्क तीच फाइल उघडण्याआधी एक खिडकी दाखवतं. त्यात त्या स्तंभावर क्लिक करून ‘टेक्स्ट’ निवडलं की क्रमांक जसाच्या तसा राहतो. एक्सेलमध्येही डेटा टॅबमधून हे जमतं, पण तिथे ते मुद्दाम आठवणीने करावं लागतं.

फुकट आहे म्हणजे कच्चं असणार, ही शंका मनातून काढून टाका. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने 2024 मध्ये आपले सुमारे 30,000 सरकारी संगणक लिब्रेऑफिसवर न्यायचं ठरवलं. फक्त डाउनलोड करताना नाव नीट पाहा. जुन्या ओपनऑफिसमधली बरीच मंडळी 2010 मध्ये बाहेर पडली आणि त्यांनी लिब्रेऑफिस सुरू केलं. ओपनऑफिस अजून मिळतं, पण ते 2014 च्या 4.1 मालिकेवरच किरकोळ दुरुस्त्या घेत थांबलेलं आहे. ते नको.

पैसे भरायचेच झाले तर एक लक्षात घ्या. सबस्क्रिप्शन संपलं की वर्ड-एक्सेल फायली उघडतात, छापतात, पण त्यात बदल करू देत नाहीत. एकदाच पैसे भरून घ्यायची आवृत्तीही मिळते, पण तिलाही वय असतं. ऑफिस 2016 आणि 2019 या दोन्हींचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. कवडीमोलाने विकल्या जाणाऱ्या ‘आजीवन’ लायसन्स-कीच्या नादी तर लागूच नका.

तुमच्यासारख्यांना मी सुचवते ती वाट अशी. रोजच्या कामाला लिब्रेऑफिस, आणि कधीमधी डॉकएक्स द्यावी लागली तर मायक्रोसॉफ्टचं ब्राउझरमधलं मोफत वर्ड. तिथे फाइल उघडून पानं जागेवर आहेत ना ते बघायचं आणि मग पाठवायची.

निर्णय घेण्याआधी लिब्रेऑफिस आत्ताच्या ऑफिसशेजारीच बसवून घ्या, दोन्ही एकत्र सुखाने नांदतात. मग तुमच्याकडची सगळ्यात अवघड फाइल शोधा, मोठ्या टेबलांचं कोटेशन किंवा सर्वांत गुंतागुंतीची शीट. ती राइटरमध्ये किंवा कॅल्कमध्ये उघडून पानांची संख्या, कलमांचे क्रमांक, टेबलाची शीर्षकाची ओळ पुढच्या पानावर परत येतंय का आणि शीटमधल्या बेरजा, एवढं मूळ फाइलशी ताडून पाहा. ती फाइल तरली तर बाकीच्यांची काळजी नको.

महिनाभराचं सगळं काम, बिलांसकट, लिब्रेऑफिसमध्ये झालं की मगच सबस्क्रिप्शन बंद करा. बंद करण्याआधी वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यातल्या फायली संगणकावर उतरवून घ्या. सबस्क्रिप्शनसोबत मिळणारी एक टीबी जागा ते संपल्यावर पाच जीबीवर येते.