स्नायू ताणला की मज्जातंतूला कळतं कसं?

प्रश्न: ताण ‘कळतो’ म्हणजे आत नेमकं काय हलतं? आणि कोपराचा कोन ओळखण्याच्या चाचणीत एकाच व्यक्तीचे आकडे दर वेळी वेगळे का येतात?

उत्तर: स्नायूच्या नेहमीच्या तंतूंना समांतर, काही मिलिमीटर लांबीचा, चातीच्या आकाराचा संवेदक असतो: मसल स्पिंडल. त्याच्या आवरणात साधारण ३ ते १२ बारीक स्नायुतंतू असतात. या तंतूंची टोकं आकुंचन पावतात, पण मध्यावर केंद्रकांचीच गर्दी, आकुंचनाची यंत्रणा जवळपास नाहीच. त्यामुळे मधला भाग टोकांपेक्षा मऊ. ताण आला की लांबी सगळीकडे सारखी वाढत नाही, मधेच जास्त वाढते, आणि जाड संवेदी मज्जातंतूचे वेढे नेमके तिथेच गुंडाळलेले असतात. वेढे फाकतात, त्यांचं पटल (पेशीभोवतीचा पातळ पडदा) ताणलं जातं आणि पिएझो-२ हे प्रथिन उघडतं. तीन पात्यांचं हे प्रथिन पटलात वाडग्यासारखं बसतं. वाडगा सपाट व्हायला लागला की मधल्या छिद्रातून धनभारित आयन आत शिरतात आणि संदेश निघतो. (पिएझो प्रथिनांच्या शोधासाठी आर्डेम पटापूटियन २०२१च्या नोबेलचे मानकरी ठरले.)

कंडरेतला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीतला) गोल्जी अवयव हा संवेदक वेगळा. तो स्नायूला समांतर नाही, एकापुढे एक जोडलेला असतो. स्नायू आकसला की तिथले कोलॅजनचे पीळ घट्ट होऊन मधली मज्जाटोकं चिमटतात. म्हणजे तो बल मोजतो, लांबी नाही. या दोघांची गल्लत फार होते.

आता तुमचे आकडे. स्पिंडलच्या तंतूंना आधीच्या हालचालीची ‘सवय’ राहते. आकुंचनानंतर स्नायू सैल सोडला की त्या लांबीला तंतूंमध्ये नवे आडवे दुवे (आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनांमधले जोड) जुळतात आणि ते टिकून राहतात. हात सरळ असताना बायसेप्स (दंडाचा पुढचा स्नायू) आकसून सोडला आणि मग कोपर कुणीतरी वाकवलं, तर स्पिंडल ढिला पडतो, संदेश घटतात, मेंदूला स्नायू आहे त्याहून आखूड वाटतो आणि कोपर आहे त्यापेक्षा जास्त वाकल्यासारखं वाटतं. वाकलेल्या स्थितीत आकसून मग सरळ केलं तर उलट चूक.

म्हणून प्रत्येक मोजणीआधी हात ठरलेल्या एकाच कोनात ठेवा, साधारण अर्ध्या जोराने २-३ सेकंद आकुंचन करायला सांगा, पूर्ण सैल सोडू द्या आणि चाचणीच्या कोनाकडे नेहमी एकाच दिशेने न्या. तुलनेला दुसरा हात वापरत असाल तर त्यालाही हीच तयारी द्या. नुसती विश्रांती देऊन भागत नाही, कारण न हलवलेल्या स्नायूत हे दुवे तसेच राहतात.