पणजोबा गवत उकडून खाऊन जगले, आणि मी ईएमआयला घाबरतो

माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या लोकांचा एक प्रश्न आता इतका कॉमन झालाय की समोरचा माणूस "मॅडम, खरं तर माझा प्रॉब्लेम तसा काही मोठा नाहीये" असं म्हणाला की पुढचं वाक्य मला पाठ असतं. लोकांनी युद्धं सोसली, तुरुंग सोसले, फाळणीत घरदार सोडून आले आणि पुन्हा उभे राहिले, आणि मी एवढ्याशा गोष्टीने खचतोय, म्हणजे माझ्यातच काहीतरी खोट आहे ना? कोणी अंदमानचं उदाहरण देतं, उल्हासनगरकडच्या सिंधी कुटुंबातली मुलगी आली की ती आजीचं देते, आणि हल्ली तर रील्समुळे कुठल्या कुठल्या देशातले युद्धकैदी आमच्या सेशनमध्ये येऊन बसतात.

संदीपची गोष्ट सांगते, त्याला विचारूनच लिहितेय, नाव आणि ओळख पटेल असं बाकीचं सगळं बदललंय. वय छत्तीस, मूळ सातारा जिल्ह्यातलं, घरटी एकतरी माणूस मिलिटरीत असलेलं गाव, पुण्यात आयटीत होता, लेऑफमध्ये नोकरी गेली. बायकोला माहीत होतं पण वडलांना सांगितलं नव्हतं, आणि वडील त्याच्याकडेच राहायला आलेले, त्यामुळे हा रोज सकाळी लॅपटॉपची बॅग लावून बाहेर पडायचा आणि एका मॉलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहायचा. रात्री तीनच्या सुमाराला छाती आवळल्यासारखी होऊन जाग यायची, घाम, हातपाय गार, दोनदा इमर्जन्सीत जाऊन ईसीजी काढून आला, दोन्ही वेळा नॉर्मल. शेवटी वडलांना कळलंच. अण्णा म्हणजे एसटीतून रिटायर झालेला कडक माणूस, ते एवढंच म्हणाले, "तुजा पणजा बसऱ्याच्या लढाईत हुता. गवत उकडून खाल्लं पर जगला. आन तू एशीत बसून रडतूस."

हे वाक्य संदीपने मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि वर म्हणाला, बरोबरच बोलले ते.

मग त्याने फोन काढून दाखवला. सेव्ह करून ठेवलेल्या व्हिडिओंचा एक आख्खा फोल्डर, तराफ्यावर समुद्रात दीडेक महिना काढलेला माणूस, सैबेरिया, व्हिएतनाममधले अमेरिकन पायलट, रात्री जाग आली की हा ते बघायचा. मी विचारलं बघून बरं वाटतं का, तर म्हणे पहिली दोन मिनिटं वाटतं, मग वाटतं आपण फालतू आहोत. दाढ दुखणाऱ्या माणसाला कॅन्सर वॉर्डातून फिरवून आणलं तर दाढ थांबत नाही, फक्त तो दाढेबद्दल बोलायचं बंद करतो, आणि हे तर तो स्वतःच स्वतःला रोज करत होता. पण व्हिडिओ बंद करा असं मी सांगितलं नाही, सांगून कोण ऐकतं? उलट म्हटलं यातला तुमचा सगळ्यात आवडता निवडा, आपण तो नीट बघू. नुसती छाती फुगवणारी दीड मिनिटं नको, आधीचं मधलं नंतरचं सगळं वाचून या, आणि तीन गोष्टी लिहून आणा, शेजारी कोण होतं, खायला काय होतं, आणि सुटल्यावर त्या माणसाचं काय झालं.

त्याने स्टॉकडेल निवडला. कॉर्पोरेट ट्रेनिंगमध्ये हे नाव फिरत असतं म्हणून असेल. जेम्स स्टॉकडेल, अमेरिकन नेव्हीचा पायलट, सप्टेंबर १९६५ मध्ये उत्तर व्हिएतनामवर त्याचं विमान पाडलं गेलं आणि सुटला तो फेब्रुवारी १९७३ ला, म्हणजे जवळपास साडेसात वर्षं, त्यातली चारेक वर्षं एकांतकोठडीत, हनोईच्या होआ लो तुरुंगात आणि आजूबाजूला. संदीपच्या डोक्यात याचं चित्र होतं ते असं की साडेसात वर्षं मारलं पण गडी फुटला नाही.

पण वाचल्यावर वेगळंच निघालं. त्या कैद्यांना त्यांच्या सैन्याचा नियम होता की शत्रूला फक्त नाव, हुद्दा, नंबर आणि जन्मतारीख सांगायची, पुढे काही नाही. आणि तिथे दोराने हात मागे बांधून असे वर ओढायचे की खांदे निखळायचे. त्यात जवळपास सगळेच कधी ना कधी फुटले. स्टॉकडेलसुद्धा. काहीतरी बोलले, लिहून दिलं, सही केली, आणि मग कोठडीत परत आणून टाकल्यावर प्रत्येकाला वाटायचं की बाकीचे सगळे वाघ आहेत, आपण एकटेच गद्दार निघालो. मारापेक्षा हे जास्त खायचं असं त्यातल्या बऱ्याच जणांनी नंतर सांगितलंय.

आणि तेव्हा भिंतीवर टकटक यायची. इंग्रजी अक्षरं पाच ओळी आणि पाच रकान्यांत मांडलेली, के गाळून त्याच्या जागी सी वापरायचा म्हणजे पंचवीस बसतात, आधी ओळीचे ठोके, मग रकान्याचे. दोन आणि तीन ठोके म्हणजे एच, दोन आणि चार म्हणजे आय, झालं, हाय म्हणून झालं. बोलायला बंदी, एकमेकांची तोंडंही न बघितलेली माणसं या ठोक्यांवर वर्षानुवर्षं बोलली, जोक सांगितले, नवीन आलेल्यांची नावं पाठ केली. आणि छळातून परत आलेल्याला पलीकडून पहिला निरोप जायचा तो हा की आम्हीपण फुटलो, सगळेच फुटतात, तू काय सांगितलंस ते आम्हाला सांग आणि आता पड. स्टॉकडेल सीनियर होता, त्याने तर त्यावरून नियमच बदलले. शरीर साथ देईल तितकं ताणा, मग द्यावं लागलं तर कमीत कमी द्या, परत उभे राहा, आणि पुढच्या वेळी त्यांना परत पहिल्यापासून मेहनत करायला लावा. त्या नियमांच्या यादीत शेवटचा होता स्वतःच्या आधी एकजूट.

संदीप म्हणाला, "व्हिडिओत हे नव्हतं."

नसतंच. फुटण्याचा भाग कापला की गोष्ट दीड मिनिटात बसते. आणि शेजारचा माणूस कापला की हिरो उठून दिसतो. आपल्याकडे दिलीप परुळकरांची गोष्ट सांगतात, १९७१ च्या युद्धात पकडलेला मराठी फ्लाइट लेफ्टनंट, ऑगस्ट १९७२ मध्ये रावळपिंडीच्या कॅम्पची भिंत फोडून दोन साथीदारांबरोबर पळाला, अफगाण सीमेजवळ लंडी कोतलपर्यंत पोचला. भारीच आहे ती गोष्ट, मलाही आवडते, पण भिंत फोडताना पहारा ठेवायला कॅम्पमधले बाकीचे होते, आणि इतकं करूनसुद्धा ते सीमेच्या तोंडाशी पकडले गेले. सुटले ते नंतर बाकीच्या कैद्यांबरोबरच.

माझं म्हणणं संदीपला मी सरळ सांगितलं. तुम्ही मॉलच्या पार्किंगमध्ये एकटे बसता आणि तुलना ज्यांच्याशी करता ते एकटे नव्हते. त्यांच्यात असलेला आणि तुमच्यात नसलेला कणा शोधत बसू नका, त्यांच्याकडे होती ती भिंतीपलीकडची माणसं तुमच्याकडे कोण आहेत ते बघू. त्याच्याबरोबर लेऑफ झालेल्या एका मित्राशी तो लाजेने बोलतच नव्हता. मी म्हटलं त्याला मेसेज करा, मोठं काही लिहू नका. त्याने नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलं. रात्री दोन वाजता उलट मेसेज आला, "जागाच आहे बे". मित्र नागपूरचा.

ह्याच्या जोडीला त्याला सायकिअॅट्रिस्टकडेही पाठवलं, कारण तीनला जाग आणि पॅनिक हे दोनेक महिने रोज चाललेलं होतं आणि अशा वेळी नुसत्या गप्पांवर ठेवणं मला पटत नाही. गोळ्या सुरू झाल्या. त्यावर अण्णांनी घरात जे काय ऐकवलं असेल त्याची कल्पना तुम्हाला येईलच, आणि म्हणून मी अण्णांना बोलावून घेतलं.

ते आले, पांढरा शर्ट, टोपी, खुर्चीच्या टोकावर बसले. मी त्यांना गोळ्यांबद्दल एक अक्षर बोलले नाही, म्हटलं अण्णा, बसऱ्याच्या लढाईचं सांगा. तोवर मी थोडं वाचून ठेवलं होतं. गावाकडे ज्याला बसऱ्याची लढाई म्हणतात त्यातला हा कूटचा वेढा, पहिल्या महायुद्धातला, आत्ताच्या इराकमध्ये, तैग्रिस नदीच्या वळणात. इंग्रजांची सहावी पूना डिव्हिजन, जनरल टाउनशेंडच्या हाताखाली, बगदादकडे निघाली आणि तुर्कांचा मार खाऊन मागे कूटला येऊन अडकली. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने. त्यात ११०वी मराठा पलटण होती, १०३वी होती, ११७वी पण होती, म्हणजे सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीकडची पोरं. रसद संपल्यावर घोडी आणि खेचरं कापायला लागले, हिंदी शिपाई धर्मामुळे आणि गावात परत गेल्यावर लोक काय म्हणतील या भीतीने ते मांस खाईनात, हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून तारेने परवानग्या मागवल्या तरी कितीतरी जण शेवटपर्यंत अडून राहिले. ताजा भाजीपाला नसल्याने होणाऱ्या स्कर्व्हीने हिरड्या सुजल्या, मग पाला-गवत गोळा करून भाजीसारखं उकडून खाल्लं, त्यात काही पाला विषारी निघाला. शेवटी शेवटी दिवसाला माणशी शे-सव्वाशे ग्रॅम पीठ. विमानातून पोती टाकायचा प्रयत्न झाला पण तेवढ्याने काय होतंय.

शरणागतीनंतर तेराएक हजार माणसं तुर्कांच्या हाती लागली. शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं, समारा, तिक्रित, मोसूल करत, हिंदी शिपायांतले पुष्कळ जण रास अल ऐनला रेल्वेच्या कामाला जुंपले, आणि हजारोंनी मेले. जनरलसाहेब मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात आरामात होते आणि कैदेत असतानाच त्यांना सर ही पदवीपण मिळाली. हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसले आणि म्हणाले, "सायेब लोकांचं तसंच असतंय."

मग बोलायला लागले. आज्जा गेला तेव्हा ते पंधरा-सोळा वर्षांचे होते. मी विचारलं, ते स्वतः काय सांगायचे वेढ्याबद्दल? अण्णा जरा थांबले. "त्यो? त्यो कवाच कायबी बोलला न्हाई. ही समदी गोष्ट आमच्या वडलांची." म्हणजे गवत खाऊन जगला पण डगमगला नाही ही जी पोलादी गोष्ट तीन पिढ्या घरात फिरतेय ती त्या माणसाने सांगितलेलीच नव्हती. मग एकेक आठवत गेलं. आज्जा जेवायला बसला की अर्धी भाकरी फडक्यात गुंडाळून उशीखाली ठेवायचा, रोज, घरात धान्याची कणगी भरलेली असली तरी, उंदीर व्हायचे म्हणून आजी ओरडायची आणि तो ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत ठेवायचा. रात्री घरात न झोपता गोठ्यात बैलांजवळ झोपायचा. लग्नाच्या पंगतीत कोणी पानात टाकलं की उठून निघून जायचा. पोरं त्याला येडा आज्जा म्हणायची. संदीप बाजूला बसून ऐकत होता, त्याने हे कधीच ऐकलेलं नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "अण्णा, म्हणजे त्यांना पण झोप येत नव्हती?"

अण्णा म्हणाले, "न्हवती येत."

सुटल्यानंतरचा भाग असा बहुतेक ठिकाणी गाळलेला असतो. संदीपच्या फोल्डरमधला तो तराफ्यावरचा माणूस, लुई झॅम्पेरिनी, ४७ दिवस पॅसिफिकमध्ये वाहत गेला आणि नंतर जपान्यांच्या कॅम्पमध्ये युद्ध संपेपर्यंत मार खाल्ला, तो घरी परतल्यावर काही वर्षं दारूत होता, रात्री त्याला कॅम्पमध्ये छळणारा जपानी पहारेकरी स्वप्नात दिसायचा. पुढे सावरला, पण पाच मिनिटांत नाही आणि एकटा नाही. तराफ्यावरसुद्धा तो आणि पायलट मित्र एकमेकांना प्रश्न विचारायचे, आणि हा आईच्या हातचे पदार्थ कसे करायचे ते पायरीपायरीने तोंडी सांगायचा आणि दोघं ते तोंडी जेवायचे. मला ह्या सगळ्यातलं हेच सगळ्यात जास्त आवडतं, खरं सांगायचं तर.

तर ज्यांना वाटतं की आपलं दुःख मोजमापात बसत नाही म्हणून मदत मागायचा हक्क नाही, त्यांना मी असं विचारते की झोप किती दिवस गेलीय, जेवण जातंय का, कामं होतायत का, मरणाचे विचार येतात का. डॉक्टरकडे जायचं की नाही ते यावर ठरतं, पणजोबांनी काय सोसलं त्यावर नाही. आणि मरणाचे विचार येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरकारची टेलीमानस हेल्पलाइन आहे १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात, घरच्या कोणालातरी त्याच दिवशी सांगा.

संदीपला आता नोकरी लागलीय, पॅकेज आधीपेक्षा बरंच कमी आहे, ईएमआय कसाबसा बसतो, गोळीचा डोस डॉक्टरांनी कमी केलाय पण बंद नाही केलेला. नागपूरचा मित्र अजून शोधतोच आहे, त्याचे रेझ्युमे हा फॉरवर्ड करत असतो. अण्णा काही एकदम बदललेले नाहीत. मध्ये नातवाने ताटात पोळी टाकली तेव्हा परत बसऱ्याची लढाई सुरू झाली, तर सून म्हणाली, अण्णा, सांगायचं तर पूर्ण सांगा, उशीखालच्या भाकरीसकट. तेव्हा त्यांनी पोराला सगळं सांगितलं म्हणे, उंदरांसकट.