ड्राइव्ह २ टीबी दाखवतोय, पण फाइली उघडत नाहीत

ऑनलाइन घेतलेला २ टीबीचा एक्स्टर्नल एसएसडी सुरुवातीला नीट चालला, आता फाइलींची नावं दिसतात पण निम्मे व्हिडिओ उघडत नाहीत, असं तुम्ही म्हणताय. सगळ्यात आधी त्यावर नवीन काही टाकणं थांबवा. जे उघडतंय ते आजच दुसरीकडे कॉपी करून घ्या.

ही लक्षणं बनावट ड्राइव्हची आहेत. आत चिप असते ६४ किंवा १२८ जीबीची, आणि कंट्रोलरचं (ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपचं) फर्मवेअर, म्हणजे तिच्या आतलं सॉफ्टवेअर, बदलून त्याला २ टीबी सांगायला लावलेलं असतं. विंडोज जागा मोजत बसत नाही. ड्राइव्ह जो आकडा सांगेल तोच प्रॉपर्टीजमध्ये दाखवतं. खरी जागा संपल्यावर पुढचा डेटा एकतर कुठेच लिहिला जात नाही, नाहीतर आधीच्या डेटावरच लिहिला जातो. कॉपी मात्र शेवटपर्यंत जाते, एरर येत नाही. फाइलींची यादी सहसा सुरुवातीच्या, खऱ्या भागात असते. म्हणून नाव, साइज, तारीख सगळं जिथल्या तिथे दिसतं.

माझ्या बहिणीचं अगदी हेच झालं. फोटो वरून अर्धा स्वच्छ आणि खाली नुसती करडी पट्टी. शेवटी मी तो ड्राइव्ह उघडला. आत बोटाएवढा बोर्ड, त्यात खोचलेलं मायक्रोएसडी कार्ड, ते हलू नये म्हणून ओतलेला गोंद, आणि हाताला वजन लागावं म्हणून चिकटवलेली लोखंडी पट्टी. दोन वर्षांचे फोटो तिने त्याच्या भरवशावर फोनमधून काढून टाकले होते. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, टेस्ट केल्याशिवाय मूळ प्रत पुसू नका.

टेस्ट म्हणजे ड्राइव्ह पूर्ण भरायचा आणि लिहिलेलं सगळं परत वाचून ताडून बघायचं. त्यासाठीचे प्रोग्रॅम: विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू (H2testw), लिनक्स आणि मॅकवर एफ३ (F3). दोन्ही फुकट आहेत. एचटूटेस्टडब्ल्यू १ जीबीच्या फाइली लिहीत जातं आणि शेवटी किती जागा 'ओके' आणि किती डेटा 'लॉस्ट' ते सांगतं. वेळ लागतो. सेकंदाला ३५ एमबीचा वेग धरला तर २ टीबी नुसते लिहायलाच जवळजवळ १६ तास. घाई असेल तर विंडोजवरचं व्हॅलिड्राइव्ह (ValiDrive) ठिकठिकाणी लिहून-वाचून काही मिनिटांत अंदाज देतं, पण मी स्वतः पूर्ण टेस्टवरच विसंबतो. एसएसडी म्हणून विकलेला ड्राइव्ह ३०-३५ एमबीच्या वर जातच नसेल, तर पोर्ट आणि केबल बदलून बघा. तरीही तेच असेल तर संशय पक्का धरा.

एका गोष्टीने मात्र घाबरू नका: २ टीबीच्या अस्सल ड्राइव्हवरही विंडोज साधारण १,८६३ जीबीच दाखवतं. हा मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे.

फॉरमॅट करून हे दुरुस्त होत नाही. रिकव्हरी सॉफ्टवेअरवरही पैसे घालू नका; जे चिपवर लिहिलंच गेलं नाही ते कुठून परत येणार? खरी जागा शोधून तेवढाच भाग (पार्टिशन) वेगळा करून वापरा, असंही कुणी सुचवेल. तसला ड्राइव्ह मी तरी वापरणार नाही.

परत करायची मुदत उरली असेल तर ड्राइव्हचं कव्हर उघडू नका. टेस्टच्या निकालाचा स्क्रीनशॉट घ्या, विक्रेत्याच्या पानावरचा '२ टीबी' हा उल्लेखही सेव्ह करा, कारण ते पान नंतर गायब होऊ शकतं. 'ड्राइव्ह खराब आहे' असं न लिहिता 'क्षमता खोटी आहे' असं स्पष्ट लिहून पूर्ण पैसे परत मागा. बदलून देतो म्हणाले तर नको म्हणा, त्याच गठ्ठ्यातला दुसरा येईल.