गाडीची मूठ कुणी ठरवायची?

पुणे

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

कचरा वेगळा करण्याच्या यंत्राचा तुझा आराखडा दोनदा वाचला. कचऱ्याचा प्रकार ओळखणारा कॅमेरा, शेडमध्ये सरकता पट्टा, कोणी किती माल वेगळा केला याची आपोआप नोंद. तांत्रिक बाजू चांगली बसली आहे. शेवटच्या पानावर 'लोकसहभाग' वाचलं आणि थांबलो. त्याखाली लिहिलंस : यंत्र बसवल्यावर कचरावेचकांना दोन दिवसांचं प्रशिक्षण. हा सहभाग नव्हे, ही सूचना झाली.

ज्यांच्यासाठी हे करते आहेस, त्या बायकांची 1993 पासून पुण्यात संघटना आहे, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. त्यातूनच 'स्वच्छ' ही त्यांच्या मालकीची सहकारी संस्था उभी राहिली आणि 2008 मध्ये महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा उचलू लागली. करार वाचणाऱ्या, भाव ठाऊक असलेल्या या बायकांना तू सरसकट 'लाभार्थी' म्हटलं आहेस. तो शब्द आधी खोड.

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका संस्थेसाठी ढकलगाडी केली होती. चाकं, वजन, किती कचरा मावेल, सगळं मोजलं. मूठ मात्र आमच्या उंचीला धरून लावली. ती ढकलणाऱ्या बायकांच्या खांद्याशी यायची. दुसरी चूक मोठी. ओल्याला एक डबा, सुक्याला एक. विकता येईल असा माल वेगळा ठेवायला जागाच नाही, आणि त्यांची निम्मी मिळकत त्या मालावर. एका बाईंनी गाडीभोवती एक फेरी मारून हे सांगितलं, तोवर बारा गाड्या रंगवून झाल्या होत्या. अजून ते आठवलं की जीव खालीवर होतो.

उशिरा विचारलं की काय होतं हे देशानंही पाहिलंय. बीटी वांग्याच्या, म्हणजे कीड लागू नये म्हणून जनुकात बदल केलेल्या वांग्याच्या, लागवडीला तज्ज्ञ समितीनं ऑक्टोबर 2009 मध्ये हिरवा कंदील दिला, त्यानंतर 2010 च्या सुरुवातीला नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या. 9 फेब्रुवारीला तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली. सुनावण्या घेतल्या हे योग्यच झालं. पण बियाणं तयार झाल्यावर शेतकऱ्याच्या हाती 'हो' किंवा 'नाही' एवढंच उरतं. कोणतं पीक, कोणती कीड, बियाणं कोणाच्या मालकीचं, हे विचारायची वेळ कितीतरी आधी येऊन गेलेली असते.

तुझी ती वेळ अजून गेलेली नाही. त्या नोंदीचंच बघ. ती कोण पाहणार? माल कमी भरला म्हणून उद्या कोणी त्यावरून पैसे कापले तर? हे त्यांच्याशी बोलून, करारात लिहून घेतल्याशिवाय कॅमेऱ्याची जागा ठरवू नकोस. कदाचित त्या म्हणतील, कॅमेरा नको, भंगारवाल्याकडे वजनात मार खातो, खरा काटा द्या. मग काटा कर. कॅमेऱ्यावर तुझे सहा महिने गेलेत हे मला माहीत आहे, तरीही.

त्यांना ऑफिसात बोलावू नकोस, शेडवर जा. सकाळी कामाची घाई असते, दुपारनंतर बसायला सवड मिळते. त्यांची दुपार घेशील तर तिचे पैसे प्रकल्पखर्चात धर. सल्लागाराला देतोच ना आपण? पहिल्या भेटीत लॅपटॉप उघडू नकोस. पट्ट्यासमोर किती वेळ उभं राहवेल, माल कुठे साठवता, हे विचार आणि ऐक.

जाऊन आलीस की त्यांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत लिहून पाठव. आराखड्याचं पुढचं पान मग बघू.

तुझा,
सर