वाचकांचे प्रश्न : स्क्रबचे दाणे, बांबूचा ब्रश, चिकट केस

प्रश्न : फेस स्क्रबवर ‘नैसर्गिक’ लिहिलंय. आतले दाणे प्लॅस्टिकचे आहेत का, हे घरी कसं ओळखायचं?

उत्तर : पुढची बाजू सोडा, मागची बारीक अक्षरांतली घटकांची यादी वाचा. पॉलिइथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, नायलॉन-12 यांपैकी काही दिसलं, तर ते प्लॅस्टिकच. पॉलिइथिलीन ग्लायकॉल पाहून मात्र दचकू नका. नाव सारखं असलं तरी ते पाण्यात विरघळतं.

यादी पुसली गेली असेल, तर चमचाभर स्क्रब पेलाभर कोमट पाण्यात ढवळा आणि दाट विणीच्या गडद कापडातून गाळा. साखर-मीठ विरघळून जाईल. उरलेले दाणे दोनदा धुवा, कारण फेस चिकटलेला असला की जड दाणेही वर येतात. मग ते स्वच्छ पाण्यात टाका. पॉलिइथिलीन तरंगतं; सिलिका (वाळूसारखं खनिज) तळाशी बसते. मेणाचे दाणेही तरंगतात. ते उकळत्या पाण्यात टाकले की वितळून तवंग धरतात, पॉलिइथिलीन सहसा तसंच राहतं. नायलॉन बुडतं, म्हणजे दाणे बुडाले म्हणून सुटलो असं नाही. तपासलेले दाणे बेसिनमध्ये ओतू नका, कापडावर वाळवून कचऱ्यात टाका.

पर्याय म्हणून ओट्स मिक्सरमधून काढून चाळा आणि वापरताना दोन चमचे पाण्यात कालवा. ओलं मिश्रण ठेवलं तर बुरशी येते. अक्रोडाची कवचं घरी कुटू नका. कडा धारदार राहून त्वचा खरवडली जाते.

अमेरिकेच्या 2015च्या कायद्याने प्लॅस्टिकच्या दाण्यांवर बंदी आली ती धुऊन टाकायच्या प्रसाधनांपुरती. लिपस्टिक, फाउंडेशन त्यात नाहीत, तेव्हा त्यांच्याही याद्या वाचा.

प्रश्न : बांबूचा टूथब्रश कंपोस्टमध्ये टाकला तर चालेल?

उत्तर : दांडी चालेल, केस नाही; ते बहुतेक नायलॉनचेच असतात. पकडीने उपटून काढा. खाली धातूची बारीक पट्टीही निघते.

प्रश्न : बाटली नको म्हणून शाम्पूची वडी आणली, पण केस चिकट होतात.

उत्तर : ती वडी बहुधा साबणाची आहे. जड पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो, तोच केसांवर बसतो. लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून शेवटचं पाणी त्याचं घ्या. पुढच्या वेळी यादीत सोडियम कोकोइल आयसेथिओनेट असलेली वडी घ्या. जड पाण्यात तिचा असा साका होत नाही. वडी जाळीवर निथळत ठेवा, नाहीतर आठवड्यात तिचा लगदा होतो.