चार लाखांच्या कागदावर सही करू का?

प्रश्न: मी इलेक्ट्रिशियन, वय ३८. चार महिन्यांपूर्वी टेम्पोने मागून ठोकलं, उजवं मनगट मोडलं. आता ते पूर्ण वळत नाही. अपंगत्वाचा दाखला २० टक्क्यांचा आहे. रिटर्न वर्षाला ३ लाखांचं भरतो. टेम्पोची विमा कंपनी ४ लाखांत मिटवू म्हणते. एक वकील म्हणतात, आत्ता काही देऊ नका, मिळतील त्यातले २५ टक्के माझे. काय करू?

उत्तर: आज सही करू नका. एकदा तडजोड मान्य केलीत की दावा तिथेच मिटतो.

मोटार अपघात न्यायाधिकरण हिशेब कसा मांडतं ते बघा. उत्पन्न ३ लाख. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढच्या वाढीपोटी ४० टक्के, झाले ४.२० लाख. तुमच्या वयाला गुणक (वर्षाच्या कमाईला गुणायचा, वयानुसार ठरलेला आकडा) १५, म्हणजे ६३ लाख. त्याचे २० टक्के १२.६० लाख. औषधोपचार, बुडालेली मजुरी, सोसलेला त्रास हे वेगळं.

आता खरी गोम. ते २० टक्के एका हाताचे की सगळ्या शरीराचे? हाताचे असतील तर कंपनी ते निम्म्यावर आणायला बघणार, आणि १२.६० चे ६.३० होतील. पण दाखल्यावरचा आकडा आणि कमाईतली घट एकच नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात स्पष्ट केलंय. पक्कड धरून तार पिळणाऱ्याचं मनगट गेलं तर धंदाच अडतो. म्हणून वकील निवडताना मी एकच गोष्ट बघेन: पहिल्या भेटीत त्यांनी तुम्हाला कामाबद्दल विचारलं, की नुसतं पॉलिसीबद्दल?

टक्केवारीचं म्हणाल, तर १२.६० चे २५ टक्के ३.१५ लाख होतात. शिवाय निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, नियमांतच मनाई आहे. हातात रोकड नसताना ही बोली गोड लागते, मान्य. तरी ठरावीक फी टप्प्याटप्प्याने मागा: दाखल करताना, साक्षीच्या वेळी, निकालानंतर. लेखी घ्या. सही केलेला कोरा चेक मागितला तर उठून या.

दाव्याला वर्षं लागू शकतात. बहुतेकदा अर्जाच्या तारखेपासून व्याज मिळतं, पण व्याजावर आजची चूल पेटत नाही. सहा महिन्यांच्या घरखर्चाची सोय नसेल तर माझं उत्तर थोडं बदलेल: दावा लावा आणि लोकअदालतीत कंपनी ७ लाखांपुढे आली तर घ्या. दावा न लावता घासाघीस मात्र नको. कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, त्यातले तुमचे दोनच उरलेत.

या आठवड्यात दाखला देणाऱ्या डॉक्टरांना भेटा. टक्के कशाचे ते लिहून घ्या, आणि साक्षीला याल का, तेही विचारून ठेवा.